हिरा कोणाला?

“परत दादाला! गहू मी आणला आणि हिरा परत दादाला!”

मे महिन्यातली दुपार होती. पाथर्डी फाट्याला बहिणीच्या घरी आमरसाचं जेवण करून मी जेमतेम आडवा झालो होतो. आतल्या खोलीतून नऊ वर्षांच्या भाचीचा हा आवाज आला आणि डोळ्यांवरची झापड उडाली. एका पतसंस्थेत बत्तीस वर्षं हिशेबनिसाचं काम केलं की असल्या वाक्याला कान आपोआप टवकारतात. माल एकाने जमा केला आणि रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली, एवढाच त्याचा अर्थ. ही तक्रार मी काउंटरच्या अलीकडे बसून किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही. फरक इतकाच, की तिथे कधी हिरा नव्हता.

उठून आत गेलो. दोघं पलंगावर पालथी पडलेली. तेरा वर्षांच्या भाच्याकडे टॅब, धाकटीकडे आईचा फोन. दोन्ही पडद्यांवर जग मात्र एकच. चौकोनी डोंगर, चौकोनी झाडं, चौकोनी ढग, आणि त्यात एक चौकोनी घर. घराशेजारी गव्हाची लांबलचक शेती, ती भाचीची. घराच्या भिंतीत एक बटण, ते भाच्याचं. खेळाचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने तो २००९ साली पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना विकत घेतला, हे भाच्याने मला इतिहासाच्या पेपरातल्या उत्तरासारखं म्हणून दाखवलं. अशा खेळांना सँडबॉक्स म्हणतात. सँडबॉक्स म्हणजे वाळूचा हौद. आमच्या पिढीला सांगायचं तर दिवाळीचा किल्ला. माती, विटा, अळीव आणि पोतं दिलेलं आहे. करा काय करायचं ते. किल्ला कोणी जिंकत नाही की हरत नाही. पाडव्यापर्यंत टिकला म्हणजे झालं.

पण मुलांना नुसता किल्ला पुरत नाही. त्यांना त्यावर दुकान लागतं, राजा लागतो, बक्षीस लागतं. या दोघांनी ठरवलं होतं, की जो कोणी दहा गहू आणून बटण दाबेल त्याला एक हिरा. भाचा झाला सरकार आणि भाची झाली रयत. वाटणी कशी झाली ते विचारू नका, थोरला कोण आहे ते पाहा.

आता हे दुकान चालतं कसं ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी गंमत तिथेच आहे. खेळात हुकूम लिहून ठेवायचा एक ठोकळा असतो, त्याला कमांड ब्लॉक म्हणतात. तो तीन रंगांत मिळतो. नारिंगी ठोकळा एका दाबाला एकदाच चालतो. जांभळा सुरू झाला की थांबत नाही. खेळाचा ठोका सेकंदाला वीस वेळा पडतो आणि जांभळा प्रत्येक ठोक्याला आपला हुकूम सोडत राहतो. हिरवा स्वतःहून काही करत नाही, पुढच्याच्या मागोमाग चालतो. आमच्या ऑफिसातही हे तिन्ही रंग होते, पण तो विषय वेगळा.

हे ठोकळे वापरायचे तर त्या जगात ‘चीट्स’ नावाची कळ चालू करावी लागते. आणि ती एकदा चालू केली, की त्या जगापुरती खेळाची स्वतःची पदकं मिळणं बंद होतं. म्हणजे ज्याला बक्षिसं वाटायची आहेत, त्याने आधी स्वतःच्या बक्षिसावर पाणी सोडायचं. हा नियम मला भयंकर आवडला. आपल्याकडच्या काही पुरस्कार समित्यांना तो जसाच्या तसा लावावा.

या दुकानाचा मागचा इतिहास मला तिथेच उभ्या उभ्या कळला. पहिल्या दिवशी भाच्याने हुकूम जांभळ्या ठोकळ्यात लिहिला होता. झालं, हिऱ्यांचा नळ सुटला. खेळातल्या पिशवीला छत्तीस कप्पे, एका कप्प्यात चौसष्ट हिरे मावतात. ३६ गुणिले ६४ म्हणजे २३०४. सेकंदाला वीस या हिशेबाने रिकामी पिशवी दोन मिनिटांच्या आत काठोकाठ भरते. पाच मिनिटं दोघं नाचली म्हणे. मग भाचीने विळा, म्हणजे जे काय ते हत्यार असेल ते, खाली ठेवलं आणि विचारलं, “मग मी गहू कशाला लावू?”

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला चलनवाढीचं मोठं प्रकरण लागतं, ते तिने एका प्रश्नात आटोपलं. मी नाशिकरोडचा. आमच्या गल्लीतली निम्मी घरं प्रेसच्या कामगारांची. १९२५ साली तिथे सरकारी सुरक्षा छापखाना उभा राहिला आणि १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. लहानपणी आम्हाला वाटायचं, प्रेसमध्ये काम करतो तो माणूस घरी जाताना चार नोटा खिशात टाकत असणार. शेजारच्या काकांना तसं विचारलं, तर ते इतके हसले की चहा सांडला. तिथे प्रत्येक नोटेला क्रमांक, प्रत्येक कागदाचा हिशेब. लंकेत सोन्याच्या विटा म्हणतात, पण लंकेतल्या माणसाला त्या विटेचं काय कौतुक?

तर दुसऱ्या दिवशी जांभळा काढून नारिंगी बसवला. नळ थांबला. पण मग गहू घेण्याचा हुकूमच चालेना. भाच्याने एका व्हिडिओवरून तो उतरवून घेतला होता. व्हिडिओतला खेळ संगणकावरचा, जावा आवृत्तीचा. यांच्याकडे टॅबवरची बेडरॉक आवृत्ती. नाव एक, चेहरा एक, पण हुकमाची भाषा जागोजागी निराळी. तिकडच्या महिरपी कंसातला मजकूर इकडे चालत नाही. चूक झाली की पडद्यावर लाल ओळ येते आणि ज्या अक्षरापाशी गाडी अडली त्याच्या दोन्ही बाजूंना बाणांची टोकं लागतात. मला ती पद्धत फार सभ्य वाटली. तपासनीस सगळी वही तोंडावर न फेकता नेमक्या ओळीवर बोट ठेवतो, तसं. भाच्याने बिचाऱ्याने एक एक बाण निस्तरत हुकूम सरळ केला आणि आज दुपारी दुकान उघडलं.

दुकान उघडलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचा हिरा मालकाच्या खिशात गेला.

“अरे, हुकूम वाच बघू मला,” मी म्हटलं.

हुकूम तीन शब्दांचा होता. द्या, ॲट पी ला, हिरा. त्या ‘ॲट’च्या गोल चिन्हापुढे एक अक्षर येतं आणि त्यावरून ठरतं की द्यायचं कोणाला. ए म्हणजे सगळ्यांना. आर म्हणजे आले देवाजीच्या मना, कोणालाही एकाला. पी म्हणजे सगळ्यात जवळच्याला.

“जवळच्याला म्हणजे कोणाच्या जवळच्याला?” मी विचारलं.

“ठोकळ्याच्या, मामा.”

“आणि ठोकळा कुठे आहे?”

भाचा गप्प. ठोकळा त्याच्या घरात होता. बटण बाहेरच्या भिंतीला, भाचीच्या शेताकडे; तिथून लाल भुकटीची तार आत गेलेली आणि आतल्या खोलीत ठोकळा. भाची बाहेरून बटण दाबत होती तेव्हा सरकार आपलं आतल्या खोलीत, ठोकळ्याला टेकून उभं. त्याने फसवलं नव्हतं, हे मी हिशेबनीस म्हणून छातीठोकपणे सांगतो. त्याचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. ठोकळ्यानेही काही चूक केली नव्हती. त्याला सांगितलं होतं जवळच्याला दे, त्याने जवळच्याला दिला. गहू कोणी पिकवला हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मला एकदम आमची दिवाळी आठवली. नाशिकरोडलाच, मी सहावीत. एका मंडळाने किल्ले स्पर्धा ठेवली होती. आमच्या चाळीने चौदा दिवस खपून राजगड केला होता, तिन्ही माच्यांसकट. सुवेळा माचीचं नेढं मी स्वतः चमच्याच्या दांड्याने कोरलं होतं आणि ते दोनदा ढासळून तिसऱ्यांदा टिकलं होतं. परीक्षक आले, मान हलवून गेले. पहिलं बक्षीस मिळालं ते ज्या बंगल्यात परीक्षकांची चहाची सोय होती तिथल्या किल्ल्याला. त्या किल्ल्यावर बाजारातून आणलेले मावळे तेवढे नवे होते. मोठे म्हणाले, वशिला. वडील म्हणाले, नशीब. एवढी वर्षं मी वशिला आणि नशीब या दोन्हींच्या मधे कुठेतरी ते प्रकरण ठेवून दिलं होतं. त्या दुपारी कळलं, की तो ॲट पी होता. परीक्षकांच्या मनात कदाचित काहीही काळंबेरं नसेल. ते जिथे बसले होते, तिथून जो किल्ला जवळ होता तो त्यांना नीट दिसला, बस.

तसे मला नंतरच्या नोकरीत वशिल्याचे खरेखुरे नमुनेही भेटले. मी काही अगदीच भाबडा नाही. पण साहेबाच्या केबिनला लागून ज्याचं टेबल त्याचं काम साहेबाला जास्त दिसतं, यात कट कोणाचाच नसतो, टेबलांची मांडणी असते. आयत्या बिळावरचा नागोबा पुष्कळदा स्वतःहून बिळात शिरलेला नसतो. त्याला तिथेच बसायला खुर्ची दिलेली असते.

“मग पी च्या जागी एस टाकू का?” भाच्याने विचारलं. एस म्हणजे स्वतः. जो बटण दाबतो तो स्वतः, असा त्याचा कयास. ऐकायला अगदी बरोबर. टाकलं. भाचीने दहा गहू हातात घेऊन बटण दाबलं. लाल ओळ आली: या वर्णनात बसणारं कोणी सापडलं नाही. दोघं माझ्याकडे बघायला लागली, जणू मी हा खेळ बनवणाऱ्या मोयांग कंपनीचा नाशिक प्रतिनिधी. मी ती ओळ तीनदा वाचली. मग डोक्यात प्रकाश पडला. हुकूम बजावत कोण होतं? ठोकळा. मग ‘स्वतः’ म्हणजे कोण? ठोकळाच. त्याने हिरा स्वतःला द्यायचा प्रयत्न केला, आणि ठोकळ्याला काही हात नसतात.

यावर धाकटी जी हसत सुटली, तिचं रडं तिथेच संपलं. मग उगाचच दहा वेळा बटण दाबून तिने ठोकळ्याला हिरा घ्यायला लावला.

तेवढ्यात मला दुकानात आणखी एक भोक सापडलं. आमच्या धंद्यात तेरीज जुळली नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत असं समजायचं. एक चूक सापडली की तिच्या शेजारची शोधायची, ही सवयच. मी भाचीला म्हटलं, हातात एकच गहू ठेव आणि तू स्वतः आत ठोकळ्याजवळ जा. भाच्याला म्हटलं, एस काढ, पुन्हा पी कर, आणि बाहेर जाऊन बटण दाब. दाबलं. एक गहू गेला आणि हिरा आला! दहाचा माल एकात. कारण ‘क्लिअर’ नावाचा हुकूम सांगतो, की जास्तीत जास्त दहा गहू काढून घे. एकच सापडला तर तो एक घेऊनही हुकूम ‘झालं’ म्हणतो, आणि मागचा हिरवा ठोकळा ते ‘झालं’ ऐकून हिरा सोडतो. किमान किती हवेत ते आधी तपासायचं असतं. त्याला या खेळात ‘हॅजआयटम’ असा वेगळा खटका आहे. जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांतला हा गोंधळ मी अनेक ठरावांमध्ये पाहिलाय. ‘रुपये दहा हजारांपर्यंत’ या शब्दांनी आमच्या सर्वसाधारण सभेत एकदा दोन तास खाल्ले होते.

चार वाजले. बहिणीने चहा आणला आणि टॅब काढून घेतला. “दादा, तू तरी यांना घेऊन जा कुठे. दिवसभर तेच.”

पाथर्डी फाट्यावरून कुठे जायचं हा प्रश्नच नसतो. गच्चीतून समोर त्रिरश्मीचा डोंगर दिसतो. पांडवलेणी. पांडवांचा आणि त्यांचा काही संबंध नाही हे नाशिकच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं, आणि तरी नाव तेच चालतं. ऊन उतरल्यावर आम्ही पायऱ्या चढायला लागलो. खाली फाळके स्मारक, त्यापलीकडे मुंबई-आग्रा रस्त्याची अखंड घरघर. वर पोचेपर्यंत माझी धाप आणि भाच्याची बडबड दोन्ही सारख्याच जोरात होती.

या लेण्यांत मूर्ती सुंदर आहेत, खांब सुंदर आहेत, पाण्याची कोरीव टाकी सुंदर आहेत. पण मी हिशेबाचा माणूस. वा. वि. मिराशींचं सातवाहन आणि क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचं पुस्तक निवृत्तीनंतर हाती लागलं आणि तेव्हापासून इथे येतो ते भिंतींवरचे जमाखर्च बघायला. मुलांना घेऊन सरळ दहा नंबरच्या लेण्यात गेलो. ओसरीत भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. साधारण १९०० वर्षांपूर्वीच्या.

“हे काय लिहिलंय माहितीये? बक्षिसाचा हुकूम.”

नहपान नावाचा क्षत्रप राजा होता. त्याचा जावई उषवदात. या उषवदाताने हे लेणं कोरवलं आणि इथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० काहापण ठेव म्हणून ठेवले. काहापण म्हणजे तेव्हाचा रुपया समजा. लेखात वर्षही दिलंय, बेचाळिसावं, महिना वैशाख. हे पैसे त्याने भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन संघांकडे ठेवले. गोवर्धन आजही आहे, गंगापूरच्या बाजूला. एका संघाकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्याकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. आणि या लेण्यात जे वीस भिक्षू वर्षावास करतील, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करतील, त्या प्रत्येकाला पहिल्या ठेवीच्या व्याजातून कपड्यासाठी बारा काहापण.

“आता हिशेब कर,” मी भाच्याला म्हटलं. “दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक.”

“वीस.”

“वर्षाचे?”

“दोनशे चाळीस.”

“आता वीस जणांना बारा बारा.”

त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. भाचीने बोटांवर केलं. तिला जरा वेळ लागला, पण ती जिथे पोचली तिथे तीही थांबली. २४०. शिल्लक शून्य.

हे गणित मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे मांडलं होतं, तेव्हा माझीही अशीच गत झाली होती. त्या ओळींत शौर्य नाही, काव्य नाही, पण एक काहापण इकडेतिकडे नाही. किती द्यायचं, कशातून द्यायचं, कितीजणांना द्यायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणाला. राजाच्या जवळच्याला नाही. ‘भिक्षूंना’ असं मोघमही नाही. या लेण्यात पावसाळा काढलेल्याला. एवढं करून तो लेख सांगतो, की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलंय आणि रीतीप्रमाणे नोंदलंय. आमच्या लेखापरीक्षकाने याला ‘अ’ वर्ग दिला असता. खरं तर आमच्या संस्थेला त्याने तो कधीच दिला नाही.

“मामा, ते पाऊण म्हणजे आपलंच पाऊण?” भाचीने विचारलं.

आपलंच. दुसऱ्या ठेवीच्या दरासाठी दगडात ‘पायून’ असं कोरलंय. पादोन, म्हणजे चतुर्थांश कमी. बाजारात ‘पाऊण किलो दे’ म्हणताना आपण तोच शब्द तोंडात घोळवतो. व्याजाच्या दरात शिरलेला शब्द इतका टिकतो, यात मला तरी नवल वाटलं नाही. त्या पाऊण दराचे वर्षाला नव्वद होतात. तेही वीस जणांत वाटले तर डोई साडेचार. हा माझा भागाकार आहे, लेखाचा नाही.

भाचा मात्र वेगळ्याच विचारात होता. “पण मामा, राजा बदलला तर? व्हर्जन बदलली की जुने हुकूम चालत नाहीत.”

प्रश्न इतका नेमका होता की मला क्षणभर त्याचा टॅब परत द्यावासा वाटला. राजा बदललाच. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. आणि नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचं काय झालं ते आपल्याच जिल्ह्यात सापडलं. १९०६ साली जोगलटेंभीला नाण्यांचा मोठा साठा निघाला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारलेला. वितळवली नाहीत. त्याच चांदीवर नवा शिक्का मारला आणि बाजार चालू ठेवला.

मग त्यांना तीन नंबरच्या लेण्यात नेलं. आख्ख्या ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले दणकट यक्ष खाली कोरलेत. भाचीने त्यातल्या एकाला “बिचारा” म्हटलं. त्या ओसरीच्या भिंतीवर गौतमीपुत्राचे लेख आहेत. मी मुलांना आणलं होतं ते खरं म्हणजे यासाठीच.

पहिला लेख अठराव्या राज्यवर्षाचा. पश्चिम काखडी गावातलं उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत भिक्षूंना दिलं, असा हुकूम. निवर्तन हे जमिनीचं माप. शेतावर राजाच्या माणसांनी पाय ठेवायचा नाही, त्रास द्यायचा नाही, सगळ्या सवलती नीट लिहिलेल्या. हुकमात एक अक्षर चुकलेलं नाही. देणारा ठरलेला, घेणारा ठरलेला, जमीन मोजलेली.

आणि मग त्याच भिंतीवर दुसरा लेख. चोविसावं वर्ष. राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने, गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला उद्देशून. त्याचा मतलब असा: या डोंगरावरच्या भिक्षूंना आम्ही पूर्वी काखडी गावात शेत दिलं होतं. पण ते शेत कोणी कसत नाही, आणि गावात वस्ती उरलेली नाही. असं असल्यामुळे आता नगराच्या सीमेवरच्या आमच्या स्वतःच्या शेतातली १०० निवर्तनं देत आहोत.

मी थांबलो. खाली रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

“म्हणजे बग होता,” भाचा म्हणाला.

“हो.”

“सहा वर्षं?”

“सहा वर्षं.”

बटण दाबलं गेलं होतं, लाल ओळ आली नव्हती, राजाच्या दप्तरात ‘दिलं’ अशी नोंद होती. आणि इकडे डोंगरावर काही येत नव्हतं. ओसाड गावातल्या पडीक शेतातून काय येणार? मला त्या मधल्या सहा वर्षांचं फार कुतूहल आहे. कोणीतरी भिक्षू डोंगर उतरून गोवर्धनला गेला असेल. अमात्याच्या कारकुनाने त्याला वही उघडून दाखवली असेल, की हे बघा, दोनशे निवर्तनं, तुमच्या नावावर. मी त्या कारकुनाच्या खुर्चीवर बत्तीस वर्षं बसलोय. वहीत आहे म्हणजे मिळालं, ही आमची श्रद्धाच असते. पण कोणीतरी एकजण काखडीला जाऊन बघून आला असला पाहिजे, आणि त्याने परत येऊन सांगितलं असलं पाहिजे, की तिथे माणूस नाही.

हिशेबनिसाला डाचणारी गोष्ट एकच, दोनशेच्या जागी शंभर का? उरलेली शंभर कुठे गेली? भाच्याचं म्हणणं, की ओसाड दोनशेपेक्षा शहराजवळची शंभर कधीही परवडली. पाथर्डी फाट्यावर वाढलेल्या मुलाला जमिनीचे भाव शिकवायला लागत नाहीत.

मला त्या राजाचं सगळ्यात कौतुक वाटतं ते याचं, की चूक गुपचूप दुरुस्त केली नाही. जिथे पहिला हुकूम कोरला त्याच भिंतीवर दुसरा कोरला, आणि पहिला खोडला नाही. प्रतिहारी लोटा हिचंही नाव त्या दस्तात आहे. चुकीच्या दुरुस्तीवर नाव घालून घेणारी माणसं माझ्या पाहण्यात तरी कमी आहेत.

अंधार पडायच्या आत उतरलो. घरी आल्यावर टॅब अर्ध्या तासाच्या बोलीवर परत मिळाला. या वेळी हुकूम आधी कागदावर लिहिला, माझ्या हट्टाने. उभ्या रकान्यात चार ठोकळे. पहिल्याने बटणापासून तीन पावलांच्या आत, हातात किमान दहा गहू असलेला माणूस शोधायचा आणि त्याला चिठ्ठी लावायची. या चिठ्ठीला खेळात टॅग म्हणतात. दुसऱ्याने चिठ्ठीवाल्याचे दहा गहू घ्यायचे. तिसऱ्याने चिठ्ठीवाल्याला एक हिरा द्यायचा. चौथ्याने चिठ्ठी काढायची. आणि ठोकळे घरातून उचलून बाहेर, बटणाच्या मागेच. भाच्याने पहिल्या फेरीत चौथा ठोकळा तिसऱ्याच्या आधी लावला. चिठ्ठी आधीच निघाली, गहू गेले आणि हिरा कोणालाच मिळाला नाही. भाचीने कागदावर बोट ठेवून त्याला ओळ दाखवली. त्याने काही न बोलता ठोकळे बदलले.

मग तिने बटण दाबलं. दहा गहू गेले, एक हिरा आला, तिच्याकडे. दादा आतच उभा होता, मुद्दाम, ठोकळ्याच्या जुन्या जागी.

तिने तो हिरा काही वेळ नुसता हातात धरून फिरवला. मग त्याचं काय केलं विचाराल तर आपल्या शेताच्या कडेला एक पेटी ठेवली आणि त्यात टाकला. पेटीवर पाटी लावली. पाटीवर लिहिलं: गव्हाचा.

परवा तिचा फोन आला. तिने आता स्वतःच्या फोनवर, म्हणजे आईच्याच, स्वतःचं वेगळं जग सुरू केलंय आणि दुकानही. यात सरकार ती.

“मामा, एक प्रॉब्लेम झालाय. हिरा मिळतोय, पण माझा गहू जातच नाहीये.”

“मग बरंच की. फुकट हिरे.”

“नाही ना. ते बरोबर नाहीये. कुठे बघू?”

दुसरा ठोकळा उघड, म्हटलं, आणि गव्हाचं स्पेलिंग बघ. एक अक्षर राहिलं होतं.